नांदेडची रंगवलेली गल्ली

१२ जानेवारी
आमच्या शिवप्रसादचा त्याच्या आईला, मल्लम्माला फोन. नांदेडात त्यानं आन् त्याच्या मंडळींनी एक अख्खी गल्ली रंगवली म्हणे. भिंतीवर समता, सगळी माणसं सारखी वगैरे. रविवारी प्रोग्रॅम. मला बोलावलं नाही. बिझी असेल.

१४ जानेवारी
संक्रांत. मल्लम्मा म्हणाली, तीन वर्षं झाली, पोराला बघून या. मी म्हणालो, तो भुजंग नावाचा रूम-पार्टनर दुसरीकडं राहायला गेला की बघू. ती म्हणाली, पार्टनर न्हाई हो, दोघं संसार करून राहिलेत, तुमाला माहीत हाय. बायका काहीही बोलतात.

१७ जानेवारी
ठरलं. उद्या नांदेड. होलसेलवाल्याकडं दुकानाचं काम आहेच. मल्लम्मा म्हणाली, रविवारी मार्केट बंद असतं. असू द्या. पोरगा पाया पडेल, मी फार ताणणार नाही. चार शब्द सुनावून घरी आणायचा. भाषण पाठ केलंय.

१८ जानेवारी, सकाळ
वाटेत लोह्याला बसमधून उतरलो. ॲसिडिटी. घरी परतायला लातूरची गाडी समोरच लागली होती. चढलो नाही. कंट्रोल आहे आपला.

त्याच दिवशी, संध्याकाळ, नांदेड स्टँड
गल्ली चांगली आहे. पिवळ्या भिंती, जांभळी दारं. सरदारजी, बुरख्यातल्या बाया, तृतीयपंथी, सगळे एका सतरंजीवर. माइकवर आईबाप बोलून राहिले होते. एक बाई म्हणाली, हिला मी पोरगा म्हणून वाढवलं, आता ही माझी लेक. लई टाळ्या.
मग रुद्राणी नावाची माइकवाली माझ्याकडं आली. काका, तुम्ही कुणाचे? शिवप्रसाद समोरच उभा. वाळलाय. मी म्हणालो, कुणाचा न्हाई. लातूरचा कपड्याचा व्यापारी हाय, सहज आलो.
त्यानं खाली बघितलं. मग खुर्ची आणली. बसा काका, म्हणाला.
चहा भुजंगनं दिला. चहा बरा होता. भाषणाला चान्स मिळाला नाही. गर्दीच एवढी.

१९ जानेवारी
मल्लम्मानं विचारलं, भेटला का? म्हणालो, लांबून. तिनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. अप्पा काय बोलले रे, म्हणाली. तो म्हणाला, अप्पा आले नव्हते आई. लातूरचे एक काका आले होते.
ती फोन घेऊन आत गेली. आतून कडी लावली.
दुकान उघडलं नाही. प्रवासानं पाय दुखून राहिले, बाकी काही नाही.