बद्रीचा लॉट

१९ ऑगस्ट १९९१
रंगखात्यात आज कंप्यूटर आला. एक पडदा, दोन खोकी, आणि एक गोल तोंडाचं यंत्र. त्या तोंडाशी कापडाची चिंधी धरली की ते रंगाचे आकडे सांगतं. बसवायला जागा मिळाली ती माझ्या उत्तरेच्या खिडकीपाशी. उजेड पडद्यावर येतो म्हणून खिडकीला काळं कापड ठोकलं. सव्वीस वर्षं त्या उजेडात शेड जुळवली. कोणी विचारलंसुद्धा नाही.

मॅनेजर म्हणाले, "मास्टरजी, दिल्ली ने दरवाज़े खोल दिए हैं. अब बाहर का माल आएगा. आँख के भरोसे मिल नहीं चलेगी." मिल तशीही चालत नाहीये. तीनपैकी एक पाळी बंद. पण कंप्यूटर आला.

२२ ऑगस्ट
कंप्यूटरबरोबर एक मुलगी आली आहे. वैशाली. इथल्याच राजेंद्र नगरची, मराठी. कंप्यूटरच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी पाठवली. चोवीस-पंचवीसची असेल, मला काका म्हणते. "काका, बाकीच्या कंप्यूटरसारखा नाही हा. ह्याला शिकवावं लागतं. तुम्ही जसं करून राहिले ना, तसं हा शिकणार. आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणतात ह्याला."

म्हटलं, शिकव बाई.

तिला माझी सगळी रजिस्टरं हवीत. '७६ पासूनची. प्रत्येक पानावर शेडची कृती, कोणता रंग किती तोळे, आणि शेजारी तयार कापडाची चिंधी चिकटवलेली. काढून दिली. इतक्या आनंदानं मी आजवर कोणाला काही दिलं नसेल.

कारण रजिस्टरं खोटी आहेत.

२३ ऑगस्ट
काल लिहिलं ते वाचून स्वतःलाच दचकायला झालं. पण रोजनिशीत तरी खरं लिहावं.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, पूर्ण कृती कागदावर उतरवायची नाही. लाल थोडा कमी लिहायचा, आणि टाकीवर उभं राहून शेवटची मूठ आपल्या हातानं टाकायची. कृती कागदावर गेली की मास्तरची गरज संपते. सगळेच रंगारी हे करत. गिरण्यांमध्ये अशी किती रजिस्टरं असतील देव जाणे. स्टोअरमधून जास्तीचा गेलेला लाल मी महिन्याच्या शेवटी 'सँपलला गेला' म्हणून मिटवत असे.

६ सप्टेंबर
कंप्यूटरनं पहिली कृती काढली. शाळेच्या गणवेशाचा खाकी. टाकीतून निघाला तो आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा, हिरवट. मॅनेजर एकदा वैशालीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी पुढे झालो, मुठीनं लाल टाकला, अर्ध्या तासात खाकी जागेवर. पाळीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी जास्तीची पोळी खाल्ली. सौ. म्हणाली, "आज काय मिळालं एवढं?"

पोरगी मात्र जिन्यात बसून रडत होती म्हणे. तिची नोकरी ह्याच्यावर आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

३० सप्टेंबर
लोक हुशार असतात. आता प्रत्येक लॉटची चिंधी यंत्रासमोर धरून पास करून घ्यावी लागते. पाळीवाल्यांनी चार आठवड्यांत शोधून काढलं की इस्त्रीवरून उतरलेली गरम चिंधी धरली तर रंग जरा वेगळा लागतो आणि यंत्र पास म्हणतं. आता सगळे गरमच धरतात. यंत्र बिचारं तेच खरं मानून शिकतंय. माणसं त्याला फसवायला शिकली आणि ते फसायला.

वैशालीला सांगितलं नाही.

११ ऑक्टोबर
दुपारी वीज गेली. टाकीत लॉट चालू. दोन जुने रंगारी हातात चिंधी घेऊन उभे. म्हटलं, काळं कापड सारा, खिडकीत बघा. तर एक म्हणतो, "मास्टरजी, लाइट आ जाने दो, मशीन बता देगी." पंधरा वर्षं ज्यानं माझ्याबरोबर शेडी बघितल्या तो माणूस! दीड महिन्यात डोळे गहाण टाकून मोकळा.

आणि मी? मी सारलं कापड. बघितलं. बरोबर वाटलं. पण तसं सांगितलं नाही. मीही वीज यायची वाट बघत उभा राहिलो. ह्याचा राग अजून उतरलेला नाही.

२८ ऑक्टोबर
आज मशीननं काढलेली कृती बरोबर निघाली. मूठ टाकायला हात वर केला आणि तसाच खाली आणला.

वैशाली खुशीत. "काका, मला कळलं गडबड कुठे आहे! मी सगळ्या रजिस्टरांतल्या चिंध्या वाचून घेतल्या. चिंधी खरी आहे, लिहिलेलं कमी आहे. लाल. दर वेळी लाल. मशीननं स्वतः फरक काढला आणि जोडून घेतला." त्या फरकाला तिनं प्रोग्रामात नाव दिलं आहे. 'मास्तर'. प्रेमानं दिलं आहे. तिला वाटतं माझा हात जरा सढळ असेल, तराजू जुना असेल.

पंधरा वर्षांचा लबाडपणा आणि त्याला माझंच नाव.

३० ऑक्टोबर
झोप नाही. सकाळी वैशालीनं एक कागद दाखवला. लांब, बाजूला भोकं पाडलेला, त्यावर वर-खाली जाणारी रेघ. माझ्या फरकाची रेघ.

"काका, हे बघा ना, गंमत. '७६ ला फरक थोडासा. '७९ पासून वाढत जातो, '८३ पर्यंत डबल होतो. आणि मग एकदम खाली. तेव्हा काय झालं होतं?"

म्हटलं, आठवत नाही.

"आणि हा एक लॉट. मे '८३. पंधरा वर्षांत हा एकच असा आहे की जे लिहिलंय तेच टाकलंय. अगदी तोळ्याला तोळा. हा कोणी केला होता?"

पाणी प्यायला उठलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तो बद्रीलालनं केला होता.

बद्री माझा असिस्टंट. '७९ ला आला. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती, हे आज लिहितो, तेव्हा मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. भराभर शिकत होता. तो जितका शिकला तितका लाल मी कमी लिहीत गेलो. ती रेघ चढते ती त्यामुळे. मशीनला कारण माहीत नाही, पण माझी भीती तिनं तोळ्यांत मोजली.

'८३ च्या मे महिन्यात थोरलीचं लग्न उज्जैनला. मी आठ दिवस रजेवर. मागे मेंदी रंगाची मोठी ऑर्डर निघाली. बद्रीनं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं होतं तसंच, तोळा न हलवता, टाकीत घातलं. अख्खा लॉट फिका आणि हिरवा. व्यापाऱ्यानं परत पाठवला. मग स्टोअर तपासलं, तर लालच्या डब्यात हिशेबापेक्षा कमी. त्या महिन्याचा माझा 'सँपलला गेला' अजून लिहायचा होता. मॅनेजमेंटनं दोन आणि दोन चार केले. बद्रीनं लाल बाजारात विकला, टाकीत कमी टाकला.

चोर म्हणून काढला. गेटवर झडती घेऊन.

मी परत आलो तेव्हा तो गेलेला होता. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललो असतो तर मी गेटबाहेर असतो.

३१ ऑक्टोबर
सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. "मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत." खरंच की. विसरलो होतो. मग म्हणाली, "गप्प बसा, असं मीच म्हणाले होते. धाकटीचं व्हायचं होतं. माझ्याही डोक्यावर आहे ते."

मला वाटायचं हे मी एकट्यानं पोटात ठेवलं आहे. तेवढंही खरं नाही.

१९ नोव्हेंबर
दिवाळीनंतर उघडलेली मिल पुन्हा चार दिवसांत थंड. गेटवर मिल बंदची नोटीस, मुदत न देता. पंचावन्न वर्षांवरच्यांनी स्वतःहून जावं असंही तोंडी आलं आहे. मी छप्पन्नचा.

वैशालीच्या कंपनीनं प्रोग्राम गुजरातेतल्या एका मिलला विकला. तिकडचे रंगारीही आपापली मूठ राखूनच लिहीत असणार. पण तिथं चालेल माझा 'मास्तर'. माझ्याइतकंच सगळे खोटं लिहितात, असं गृहीत धरून. पोरीला शेवटी सगळं सांगितलं. गरम चिंधीचंही, बद्रीचंही.

तिनं रेघेचा कागद काढून समोर पसरला. मग म्हणाली, "म्हणजे काका, मी तीन महिने त्याला तुमचं खोटं शिकवलं."

म्हटलं, नाही, खोटं पकडायला शिकवलंस.

"एकच गोष्ट आहे ती," म्हणाली. काका म्हणाली नाही. पण जाताना रेघेचा कागद माझ्या हातात दिला. "त्यांना दाखवा. दाखवाल ना?"

२६ नोव्हेंबर
सियागंजच्या ठोक बाजारात गेलो. दोनदा गल्लीच्या तोंडावरून परत फिरलो. बद्रीलाल एका किराण्याच्या ठोक दुकानात तराजूवर असतो. केस पांढरे. मला बघून उठला, स्वतःची बसायची पेटी पुसली. "आओ मास्टर सा'ब, बेठो." त्याच्या आवाजात राग शोधत होतो. मिळाला असता तर बरं झालं असतं.

गिऱ्हाइकाला हळद जोखत होता. एकदा जोखली. उतरवली. परत जोखली. परत उतरवली. तिसऱ्यांदा जोखली तेव्हा मालक गल्ल्यावरून ओरडला, "अरे बद्री, कित्ती बार तोलेगा भिया!"

मला म्हणाला, "क्या करूँ, मास्टर सा'ब. अपनी नज़र पे भरोसा नी रया. वो मेंदी वाले लॉट के बाद से. जो लिखा था वोई डाला था मैंने, कसम से. फिर भी बिगड़ गया. तो समझ गया कि अपने हात में ही खोट हे."

चोर म्हणाले ह्याचं त्याला फारसं वाटत नाही. त्याला वाटतं त्याची नजर खोटी. आठ वर्षं.

कागद काढला. रेघ दाखवली, तो एक लॉट दाखवला. "मशीन ने निकाला है, बद्री. तूने जो लिखा था वही डाला. तोळे को तोळा."

कागदावर बोट ठेवून तो बराच वेळ बघत राहिला. डोळे भरले. "मशीन बोलती हे? मशीन तो झूट नी बोलती." मालकाला हाक मारून दाखवला. शेजारच्या दुकानातही दाखवून आला. परत येऊन म्हणाला, "फिर लॉट बिगड़ा केसे?"

मी म्हटलं, रजिस्टर गलत था.

"रजिस्टर तो आप लिखते थे."

हो म्हटलं. तेवढंच. तो माझ्याकडे बघत होता. गिऱ्हाईक आलं. त्यानं हळद एकदाच जोखली, पुडी बांधली आणि दिली. माझ्याकडे परत पाहिलं नाही.

२ डिसेंबर
बद्री घरी आला. आत ये म्हटलं, दारातच उभा राहिला. सौ.नं चहा आणला तो हातात धरून ठेवला, प्यायला नाही.

"मास्टर सा'ब, इस कागज पे किसी का नाम नी हे. बिरादरी वाले बोलते हें, कंप्यूटर से तो कोई भी छपा ले. आप लिख के दे दो. अपने हात से. दस्तखत कर दो. मिल तो बंद हो गई, अब आपका कोई क्या बिगाड़ लेगा."

लिहून देतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ये.

तो खरंच बोलला. माझं आता कोणी काही बिघडवू शकत नाही. आठ वर्षांपूर्वी ज्या नोकरीसाठी गप्प बसलो ती नोकरीच उरली नाही. तरी भीती आहेच. रंगखात्यातले लोक अजून मास्तर म्हणून रस्त्यात थांबतात. दोन जावई आहेत.

९ डिसेंबर
सोमवार. सकाळपासून लिहायला बसलो. दुपारी संपलं. एक पान भरलं. उस्ताद, जुनी रीत, सगळे रंगारी असंच करत, लग्नाची गडबड, बद्रीलाल निर्दोष, त्यानं रजिस्टरात होतं तेच टाकलं. खाली सही, तारीख.

सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यात एक शब्द आहे."

कोणता?

"'माझ्याकडून चुकून लाल कमी लिहिला गेला.' चुकून?"

मी पुन्हा वाचलं. लिहिताना तो शब्द मला दिसलाही नव्हता.

ती आत गेली. मी नवा कागद घेतला. 'बद्रीलाल माझ्यापुढे जाईल म्हणून मी' इथपर्यंत आलो आहे. चार वाजून गेलेत. उद्या सकाळी तो येणार. टेबलावर दोन्ही कागद आहेत, एक सहीचा, एक बिनसहीचा.