जांभळीखालचा धूर

बाबा, तुम्ही ओंडका कोरून केलेला डोंगा परवा फुटला. कुणाच्या तरी गाडीचं चाक त्याच्यावर चढलं आणि तो मधोमध चिरला. लाकूड चुलीत घालायचं की माझ्याकडे अमरावतीला धाडायचं, असा गावाहून निरोप आलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून सकाळीच कागद पुढे ओढून बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायलाही उशीर झालाय. राग मात्र अजून तसाच ताजा आहे, आणि तो तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला त्या लाकडाचं काय करायचं ते सुचायचं नाही.

मला आपल्या झोपडीतला चुलीजवळचा कोपरा आठवतो. बाहेर पूर्णेच्या घाटावर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या असायच्या. समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोट-तेल्हाऱ्याकडून अकोल्याला निघालेली गाडी आपल्याच नावेतून नदी उतरायची. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, गाडीवानांच्या डोक्याला नवे फेटे, आणि सगळ्यांना घाई. तुम्ही दिवसभर नाव हाकून घरी येता, हाताला घट्टे पडलेले, आणि जेवायच्या आधी परातीतलं मूठभर ज्वारीचं पीठ उचलून सारवलेल्या जमिनीवर नदी काढायला बसता. ही पूर्णा. ही तिला मिळणारी डोंगरनदी. हे खडक, इथं डोंगा पाण्याबाहेर काढून ओढत न्यायचा. आणि हे सातपुड्याच्या पायथ्याचं तळं. आई म्हणते, "पिठाची नासाडी काहून करता? कोयशानं काढा ना." तुम्ही म्हणता, "कोयशाची नदी काईकुट्ट दिसते." मग ती वरवरचं पीठ हलक्या हातानं गोळा करते, चाळते आणि त्याचीच भाकर थापते. ती सगळी वाट आपण तिघांनी कितीदा खाल्ली असेल!

त्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर आईचं माहेर होतं, मासेमारी करणाऱ्या भोयांची चार-दोन खोपटं. मी जन्मल्यापासून ती तिकडे गेली नव्हती. जंगलातल्या पायवाटेवर वाघाची भीती, आणि गाडी मागावी तर वऱ्हाडातली एकूण एक गाडी कापसाला जुंपलेली. तिचा बाप एकटा, गुडघ्यांनी अधू झालेला, त्यामुळे लेकीला न्यायला तो इतक्या दूर येऊ शकत नव्हता. आणि माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन माहेरी जायचं नाही, ही आपल्या लोकांची रीत. या बाबतीत आई भारी हट्टी. "मी काय भिकारीण हाओ, आपल्या पायानं दारात जाऊन उभी राहाले?" म्हणायची. तेव्हा तोड तिनंच काढली. पाण्यानं तळ्यापर्यंत जायचं आणि अलीकडच्या काठावर मुक्काम टाकायचा. तुम्ही पिठात बोट ठेवून जागा दाखवलीत, ती तिनं पुसून टाकली. "तिथं नाई. तिथं चिखल हाये, ढोपरापर्यंत पाय जाते. थ्या जांभयीखाली टेकाड हाये, वारा मांगून येते. मुक्काम तिथं." सकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून ती तिथं ओला पाला पेटवणार. धूर दिसला की तिचा बाप आपला डोंगा घेऊन तिला न्यायला येणार. जमिनीवर चालता येत नसलं तरी पाण्यावर त्याचं काही अडत नव्हतं. तेल्हाऱ्याच्या बाजारात भेटलेल्या नातलगाकडून तसा सांगावाही गेला, जांभळीखाली धूर दिसला की घ्यायला या.

त्या पावसाळ्यात पुरात वाहत आलेला सागाचा ओंडका तुम्ही अडवलात आणि सवड मिळेल तसा कोरत गेलात. तुमच्या तासणीचा आवाज ऐकला की आईला हसू फुटायचं. इतकी खूश मी तिला नंतर कधीच पाहिली नाही. तिनं कण्या भरल्या, मिरच्या कुटल्या, तिळाची चटणी केली. मला डोंग्याच्या नाकावर बसून पाण्यातले खडक सांगायचे होते, आणि मी त्याची तालीम बाजेवर बसून करायचो. दसरा झाला की निघायचं, असं ठरलं होतं.

दसरा झाला आणि घाटावर साहेब आला. कापसाच्या रस्त्यांच्या कामावरचा कुणीतरी, बदकांच्या शिकारीचा नादी. त्याला घाटावर नवा कोरा डोंगा दिसला. तुम्ही घरात आलात आणि आईकडे न बघता म्हणालात, "साहेबाले तयं दाखवाचं हाये. चार दिवसात येतो. मंग आपण जाऊ." तिनं भरलेल्या कण्या आणि चटणी तुम्हीच डोंग्यात ठेवलीत. साहेबाचा लवाजमा काठाकाठानं निघाला, तुम्ही आणि तो पाण्यातून. नाकावर, माझ्या जागेवर, त्याची बंदूक होती.

तुम्ही परत आलात त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तुम्ही खुशीत होतात. साहेबानं पाठ थोपटली होती, म्हणे असा मुक्काम त्याला कुणी दाखवला नव्हता. आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता तुम्ही सांगितलंत, "तुहा बाप भेटला. धूर पाहून आला ना पाण्यातून."

आईचा हात तव्यावरच थांबला. "कोणचा धूर?"

"जांभयीखालचा. साहेबाचा खानसामा चूल पेटवून राहिला होता."

"मंग?"

"मंग काय? पांढरा अंगरखा, पागोटं, सारं घालून आला होता. डोंग्यात तुह्यासाठी घोंगडी आथरली होती. इकडं पायलं, तिकडं पायलं. म्या म्हटलं, पुढच्या साली आणतो."

"काई बोलला?"

"नाई. साहेबाले रामराम केला अन् गेला वापस."

तव्यावरची भाकर करपली. ती काढायचं कुणालाच सुचलं नाही. मग तुम्ही पागोट्यातून एक चिठ्ठी काढून आईपुढे धरलीत, जशी काही तिला वाचता येणार होती. साहेबानं खूश होऊन काय पाहिजे विचारलं, तर तुम्ही पोराला अकोल्याच्या शाळेत घाला म्हणालात, आणि त्यानं तसं लिहून दिलं. भोयाच्या पोराला एरवी त्या शाळेच्या पायरीवरही कुणी उभं केलं नसतं. आईनं चिठ्ठीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकटीनं तो डोंगा नदीतून ओढून घाटावर आणला आणि घागरीनं पाणी ओतून भरला. तुम्ही विचारलंत, "हे काय करून राहिली?" ती म्हणाली, "बैलाईले पाणी पाजाले कामी येईन." तुम्ही उभे राहून बघत होतात. कापसाच्या गाडीचे बैल सोडले गेले, त्यांनी त्यात तोंडं घातली, आणि तेव्हापासून तुमच्या त्या डोंग्यानं पुन्हा नदी पाहिली नाही. शिमग्याच्या सुमाराला तेल्हाऱ्याकडून निरोप आला की तिचा बाप गेला. ती रडली ती नदीवर जाऊन. घरात एक टिपूस गाळलं नाही. मला अकोल्याला पाठवताना भाकरी बांधून दिली आणि एवढंच म्हणाली, "जाय. लय महाग पडली हे शाया. नीट शिक."

साहेबाला नाही म्हणता येत नव्हतं, मान्य. नाव त्याच्या मर्जीवर, घाट त्याच्या मर्जीवर, हे मला शाळेत गेल्यावर चांगलंच कळलं. पण बाबा, तळ्याला काय एकच काठ होता? चिखलात उतरवायचं होतं त्याला. दुसरं एखादं झाड दाखवायचं होतं. तिची जांभूळ तेवढी सोडायची होती. तुम्हाला सांगावा ठाऊक होता, धूर ठाऊक होता, पलीकडे डोळे लावून कोण बसलंय तेही ठाऊक होतं. चांगली जागा दाखवून शाबासकी मिळवायची हौस तुम्हाला आवरली नाही. आणि माझं भलं केलंत म्हणावं, तर मला कुठं विचारलं होतंत? विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, शाळा राहू द्या, आईला डोंग्यात बसवा. पुढच्या साली म्हणालात खरं, पण त्या घरात पुन्हा कुणी पिठाची नदी काढली नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आई घाटावर त्या डोंग्यात पाणी भरत होती.

आता पूर्णेवर नाव चालत नाही. आईही जाऊन बराच काळ झाला. मी इथं पोरांना अक्षरं गिरवायला लावतो, आणि लोक म्हणतात मास्तरांचा हात वळणदार आहे. आई होती तोवर तिच्यासमोर मी कधी कागद घेऊन बसलो नाही. ती आली की दौत बाजूला सारायचो. माझ्या प्रत्येक अक्षरात तिला तो पांढरा अंगरखा दिसत असणार, असं मला वाटायचं.

डोंग्याची लाकडं चुलीत घाला, असं आता गावी कळवतो. हा कागद कुठे धाडायचा नाही, तो पेटीत राहील. फक्त एक गोष्ट उरली, ती तिला सांगायची हिंमत झाली नाही आणि तुम्हाला सांगायची मुळीच इच्छा नव्हती. मला लिहायला फार आवडतं, बाबा.