खालून कापलेल्या सात ओळी

५ ऑगस्ट, मंगळवार

कार्पिंचो नाणं — आमच्या नदीकाठच्या त्या थोराड, उंदरासारख्या प्राण्याच्या नावाचं, नुसतं इंटरनेटवर चालणारं — दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान संपलं. दुजोरा युलिसेसचा. आमच्या पेपरचे कॉम्प्युटर तोच सांभाळतो, आणि या नाण्यांचं त्याला कळतं.

"संपलं म्हणजे?"

"सकाळी ज्याचे शंभर डॉलर होते, त्याचा आता एक आहे, ताई. आणि तो एकही कोणी घेत नाहीये."

आठ ओळींची बातमी केली. साडेसहाला पान छपाईला सोडलं, वेळेत. बाबांचे तीन फोन येऊन गेले होते. उद्या बघू.

६ ऑगस्ट

येर्बाचा डबा टेबलावर उघडा होता, आणि आत खरंच येर्बा होती! चाळीस वर्षांत त्या डब्यात चहाची पत्ती मी पाहिली नव्हती. तिथे नोटा असायच्या.

"नोटा कुठायत?"

"फोनमध्ये," बाबा म्हणाले.

शंभराच्या अडतीस. बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनचे पैसे. खासगी दवाखान्याची तारीख ३ सप्टेंबर.

कोणाला दिल्या? तर लेआंद्रोला. बाबा चेंडू टाकायचा खेळ खेळायला जातात त्या बोचास क्लबच्या शेजारी फोन दुरुस्त करतो तो. "त्याने माझ्या लहान डोक्याच्या नोटा पूर्ण भावाने घेतल्या," बाबा अजूनही कौतुकाने सांगत होते. जुन्या छपाईच्या नोटा त्या, वरचा चेहरा छोटा. बाजारातले दलाल अशा प्रत्येक नोटेमागे सहा डॉलर कापतात. बाबांना तो अपमान वाटायचा. "डॉलर तो डॉलर! डोकं मोजून पैसे देता काय?" म्हणून वर्षानुवर्षं त्या डब्यात पडून राहिल्या. आणि लेआंद्रोने विचारलंसुद्धा नाही.

नोटेमागे सहा डॉलर वाचवले. नोट गेली.

नोटांच्या बदल्यात फोनवर आलेल्या कार्पिंचो नाण्यांचा आकडा पाहिला. एकेचाळीस डॉलर. बाबा म्हणाले, "चढेल गं."

मी डब्याचं झाकण लावलं. बोलायला हवं होतं.

८ ऑगस्ट

लेआंद्रोकडे गेले, भांडायच्या तयारीने. दुकान उघडं होतं. बाहेर त्याची मोटरसायकल नव्हती — तीही विकून नाण्यातच घातली. "चोर असतो तर इथे स्क्रू पिळत बसलो असतो का, बाई?" डोळे लाल. खरं बोलत असावा. राग कुठे ठेवायचा ते कळेना.

दुपारी युलिसेसला म्हटलं, नीट सांग. मला समजत नाही असं समजून सांग.

"कोणीतरी कार्पिंचोचा फोटो घेतला. डोक्यावर संत्रं. वीस मिनिटांत नाणं तयार."

"मागे काय आहे? कारखाना, जमीन, काहीतरी?"

"संत्रं आहे की!"

मग गंभीर झाला. ऐंशी टक्के नाणी तीनच खात्यांत होती. खाती कोणाची, माहीत नाही. लोक घेत गेले तसा भाव चढला. भरपूर चढल्यावर तिघांनी एकदम विकलं. "पडद्यावर दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव, ताई. विकायला समोर घेणारा लागतो. तो नसेल तर तो आकडा नुसता बघायचा."

"विनोद आहे हे लोकांना कळत नाही?"

"सगळ्यांना कळतं. पण प्रत्येकाला वाटतं, आपल्या मागून अजून एकजण येणार."

९ ऑगस्ट

क्लबमध्ये कोणी खेळत नव्हतं. चेंडू लाकडी पेटीत. बाबा बाकावर, काठी दोन पायांमध्ये. एकूण पाच पेन्शनर अडकलेत. आन्सेल्मोकाका — बाबांचे रेल्वेतले सोबती — तावातावाने बोलत होते.

"पेपरात आलं होतं! आपल्या पेपरात! तीन दिवसांत दहापट म्हणून!"

"तू तर पेपर मासे गुंडाळायला घेतोस," कोणीतरी म्हणालं.

"त्या दिवशी वाचला, हेच चुकलं! लिहिणाऱ्याचं काय जातं? पगार घेतो नि घोरत पडतो."

मग माझ्याकडे वळले. "डेल्मिरा, तू तिथलीच. कोण तो गाढव?"

"विचारते," म्हटलं मी!

बाबा जमिनीकडे बघत होते.

१० ऑगस्ट, रविवार

ती गाढव मी.

११ ऑगस्ट

जुना अंक काढला. १८ जुलै, पान पाच, बिननावी चौकट. 'कॉन्कॉर्डियाच्या संत्र्याला नवा भाव.' आमचं गाव संत्र्यांचं, नाण्यावरही संत्रं — काय खुशीत होते मी त्या मथळ्यावर!

मूळ मजकूर एकतीस ओळींचा. छापलेल्या चोवीस. उरलेल्या सातांत युलिसेसने तेव्हाच सांगितलेलं, मी न समजता उतरवलेलं होतं — तीन खाती, ऐंशी टक्के, गेले तरी चालतील एवढेच पैसे घाला. साडेपाचला गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आली. जागा हवी होती. तीस वर्षं मीच नव्या पोरांना शिकवते: ताजी गोष्ट वर, कोण म्हणालं ते त्याखाली, कमी महत्त्वाचं तळाला. जागा कमी पडली की खालून कापायचं, डोळे मिटून.

खालून कापलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

पण ते सोडा. त्या सात ओळी तळाला का होत्या? कारण वर विनोद छान दिसत होता.

१२ ऑगस्ट

दवाखान्याला फोन. तारीख शुक्रवारपर्यंत धरतील, तोवर पैसे भरायला हवेत. माझ्याकडे अकराशे डॉलर आहेत.

१३ ऑगस्ट

आन्सेल्मोकाका आणि आणखी तिघं परवा, शुक्रवारी, दहा वाजता कार्यालयात येणार. लिहिणाऱ्याचं नाव हवंय. संपादक म्हणाले, "बिननावी होतं, बिननावीच राहू दे. चार म्हातारे आहेत, कॉफी पाजू, जातील." हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. पहिल्यांदा बाबांना सांगायचं. उद्या.

१४ ऑगस्ट

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी खिशातून कात्रण काढलं. चार घड्या.

"तुझंच ना, पोरी? पहिल्याच ओळीत ओळखलं. शाळेतून आलीस की असंच सांगायचीस, आधी काय झालं, मग कोणी पाहिलं." घड्या पुन्हा घातल्या. "तुझं होतं म्हणून तर घेतलं."

आन्सेल्मोकाकांना त्यांनी सांगून ठेवलंय, लिहिणारा बाहेरगावचा होता, नोकरी सोडून गेला.

त्या सात ओळी उद्याच्या अंकात पान एकवर, सगळ्यात वर लावल्या आहेत. खाली माझं नाव. दहा वाजता चौघं येतील. दार मीच उघडेन.