तोडलेली अर्थिंगची वायर

मंगळवार, संध्याकाळ

हाड मोडल्याचा आवाज अजून कानात आहे. पिंपळगावला मामेभाऊ सुनीलच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या कामगार कमलबाई शॉक लागून क्रेट धुण्याच्या मशीनला चिकटल्या. मी कोरडी फळी त्यांच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं, पण हात सुटला.

त्यांचा नवरा दत्तू धावत आला आणि त्याने माझा गळा धरला. "बाईला मारतो का रे?"

"आवो, सोडा! त्यांनीच वाचिवलं मला."

सुनील पुटपुटला, "ब्रेकर सारखा पडायचा, म्हणून मीच अर्थिंगची वायर तोडली. तेव्हापासून मशीन एकदाही थांबलं नाही."

दत्तूने मला सोडलं आणि सुनीलच्या तोंडावर बुक्की मारली. मग आणखी एक. सुनीलपायी मला मोडावं लागलेलं ते मनगट... मी मधे पडायला हवं होतं ना? सुनील रक्त ओकत खाली पडेपर्यंत मी जागचा हललो नाही.