भोंगा उजवीकडेच वाजला होता

मी, खाली सही करणारी वृषाली हौशीराम आमले, वय सत्तावन्न, अविवाहित, पूर्वी प्रकाश-उपकरणांची अभियंता, सध्या कामावर नाही, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत सांगितली आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा जुन्नरच्या डॉ. समृद्धी लोंढे यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत जाऊन थांबले, तेव्हा त्या हसल्या. त्या दिवसात तेवढेच हसणे झाले.

१. दिनांक ११ नोव्हेंबर २०२५ रोजी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यासोबत घोडेगावच्या वकिलांकडे ठेवलेला बंद लिफाफाही मी परत घेतला आहे. तो का घेतला हे कलम ५ मध्ये लिहिले आहे.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची तेजस्विनी सुदर्शन आमले हिने करावी. ती सध्या माझ्याशी बोलत नाही. तरी तिलाच नेमते, कारण हातात घेतलेले काम ती अर्धवट टाकत नाही. डिंगोऱ्यातले माझे दोन खोल्यांचे घर, त्याखालची जागा आणि मागचा शेवगा तिला द्यावा. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ सुदर्शन, यांचा त्यावर हक्क राहणार नाही. आमचे वडील वारले, त्यांच्या तेराव्याला पंगत उठली, चहा झाला आणि सुदर्शनने हक्कसोडपत्र पुढे केले. मी सही केली. जमीन गेल्याचे मला फारसे वाटले नाही. तेरावाच त्याला सोयीचा वाटला, हे मात्र बावीस वर्षे मनात आहे. विहिरीवरची मोटर माझी आहे, ती तोच वापरतो. ती त्याला दिली. त्याने या घरी यावे, जेवून जावे, त्याला कुणी अडवू नये.

३. माझ्या औषधपाण्याचा खर्च भागून बँकेत जी शिल्लक उरेल, ती शिनोली ग्रामपंचायतीने बिबट्याने जखमी केलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्याच्या गाडीसाठी वापरावी. आधीच्या मृत्युपत्रात ही शिल्लक मी शिनोलीच्या तुकाबाई ज्योतिबा कोकरे यांना दिली होती. त्यांनी ती घेतली नाही.

४. माझी हत्यारे. आतल्या खोलीत लोखंडी टेबलावर लेसर, सूक्ष्मदर्शक, डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारा कॅमेरा आणि सहा वह्या आहेत. हे सगळे तेजस्विनीचे. डबीत दोन चिप आहेत, प्रत्येकी नखाएवढी. त्या मी नोकरी सोडताना कंपनीला न विचारता आणल्या. ती चोरीच होती. त्या कंपनीला परत कराव्यात आणि पोच घ्यावी.

वह्यांत काय आहे ते इथे सोप्या शब्दांत लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या चिपमध्ये प्रकाश वाहून नेणाऱ्या एकशे अठ्ठावीस बारीक वाटा असतात. सगळ्या वाटांमधला प्रकाश ठरलेल्या तालात बाहेर पडला, की त्याचा एक सरळ झोत बनतो. ताल थोडाथोडा मागेपुढे केला, की झोत वळतो. आरसा फिरवावा लागत नाही, काहीच हलत नाही. अडचण अशी, की कारखान्यात कोणत्याही दोन वाटा तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. त्यामुळे झोत विस्कटतो, किंवा एकाचे दोन होतात आणि दुसरा भलतीकडे जातो. तो सुधारण्यासाठी प्रत्येक वाटेला केसाएवढी तापपट्टी असते. कोणत्या दिशेसाठी कोणती पट्टी किती तापवायची, याच्या यादीला आम्ही दुरुस्ती-तक्ता म्हणायचो. तक्ता करणे हे माझे काम होते. एकोणीस वर्षे मी तेच केले आणि मला त्याचा अभिमान होता.

५. शिनोलीचा प्रकार. हे मी शपथेवर लिहिते.

सन २०२२ मध्ये आमच्या कंपनीने उसाच्या कडेला उभा करायचा एक खांब तयार केला. खांबावरची चिप झोत फिरवून उसातून बाहेर पडणारा बिबट्या हेरणार आणि तो ज्या बाजूला असेल त्या बाजूचा भोंगा वाजणार. आम्ही शिनोलीत जाऊन लोकांना शिकवले, की ज्या बाजूचा भोंगा वाजेल तिच्या उलट बाजूला जायचे. हे वाक्य मी स्वतः तीनदा म्हणून घेतले. ज्योतिबा कोकरे पहिल्या रांगेत बसले होते. मेंढरांमागे जन्म गेलेला माणूस. त्यांनी विचारले, "अन् दोन्ही वाजले तर?" मी म्हणाले, तसे होणार नाही.

दुरुस्ती-तक्ता मी पुण्याला प्रयोगशाळेत पंचवीस अंशांवर केला होता. चिप ज्या धातूच्या पट्टीवर चिकटवली होती ती थंडीत आकसते, चिपला ताण बसतो, वाटांचा ताल बदलतो. हे मला ठाऊक होते. हिवाळ्यात शिनोलीत दोन पहाटा मोजणी करू द्या, असे मी प्रकल्पप्रमुख मोहित यांना सांगितले. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे ठरले होते. मोहित यांनी, मोजणी नंतर करू, असे सांगितले. मी तक्त्यावर सही केली. माझा हात कुणी धरला नव्हता.

दिनांक ११ जानेवारी २०२३, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. नुकते दिसू लागले होते. हवा सात अंश. कोकऱ्यांची मेंढरे उसाशेजारच्या रिकाम्या रानात जाळीच्या वाघरीत होती. उजवीकडचा भोंगा वाजला. ज्योतिबांनी वाघर उघडली आणि शिकवल्याप्रमाणे ते मेंढरे घेऊन डावीकडे चालत गेले. बिबट्या डावीकडे होता. तुकाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळे पाहिले. त्या पोहोचेपर्यंत ज्योतिबा गेले होते.

साडेआठला मी कार्यालयात खांबाची नोंद उघडली. यंत्राने लिहिले होते: एकवीस अंश उजवीकडे, चाळीस मीटर. मी सात अंशांचा ताण धरून गणित मांडले. कागदावर दोन झोत आले. उजवीकडचा पुसट आणि डावीकडचा ठसठशीत. प्रकाश डावीकडच्या बिबट्यावर आपटून परत आला होता आणि यंत्राने तो उजवीकडचा समजून घेतला होता. अंतर बरोबर होते. बाजू चुकली होती.

मी कागद घेऊन मोहित यांच्याकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला, दार लावून घेतले आणि एवढेच बोलले, "मॅडम, तक्त्यावर सही तुमची आहे."

कंपनीच्या अहवालात आले, की डाव्या बाजूचा भोंगा वाजला आणि सदर इसम घाबरून त्याच बाजूस पळाला. तो अहवाल बैठकीत वाचला गेला तेव्हा मी त्याच खोलीत बसले होते. कुणी मला विचारले नाही आणि मी बोलले नाही. तुकाबाई भेटेल त्याला सांगत राहिल्या, भोंगा उजवीकडेच वाजला होता. दुःखाने बाईला भान राहिले नसेल, असे लोक म्हणाले. पुढे कुणीतरी ज्योतिबा प्यायले होते असे उठवले. ते माळकरी होते.

चार महिन्यांनी मी नोकरी सोडून डिंगोऱ्याला आले आणि त्या दोन चिप घेऊन बसले. दोन हिवाळे पहाटे खिडकी उघडी ठेवून मोजण्या केल्या. शेवटी रीत सापडली. शेजारशेजारच्या वाटांमधला चिमूटभर प्रकाश चिपवरच एकमेकांशी ताडून पाहायचा आणि ताल बिघडला की तिथल्या तिथे तापपट्ट्या सुधारायच्या. तक्ता कायमचा नसतोच, तो दर काही सेकंदांनी नवा करावा लागतो. सात अंशांना झोत एक राहिला, चाळीसला एक राहिला. ज्या दिवशी हे जमले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. त्या दोन पहाटांची मोजणी झाली असती आणि ही रीत तेव्हाच शोधायला घेतली असती तर, हे सोडून दुसरे काही सुचेना.

मग आजार निघाला. तेव्हा मी सगळे खरे लिहून लिफाफ्यात बंद केले आणि माझ्या मरणानंतर तुकाबाईंना द्यावे असे मृत्युपत्र केले. वकिलांना लिफाफ्यावर लिहायला तुकाबाईंचे आधार कार्डावरचे पूर्ण नाव हवे होते. ते विचारायला मी या जानेवारीच्या सुरुवातीला शिनोलीला गेले. त्यांनी मला ओळखले. खांबवाल्या बाई, म्हणाल्या, आणि चहा ठेवला. नाव विचारून परत यायचे असे ठरवून गेले होते. चहाचा कप हातात आल्यावर ते जमले नाही. मी सगळे सांगितले. लिफाफ्याचेही.

तुकाबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. त्यांची मुलगी सुप्रिया दारात उभी होती. तुकाबाई म्हणाल्या, "म्हंजी हे तुमी गेल्यावर वाचायचं व्हय? तवर लोकांचं मी आईकत ऱ्हायाचं?"

मी म्हणाले, तुम्ही सांगाल तसे करते. पैशांचेही सांगितले. त्या म्हणाल्या, "पैसं नगं. गावात येऊन सांगा. मालक गेलं तवा जेवढी मानसं जमली व्हती, तेवढ्यांम्होरं."

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी चार पाने वाचली. उभे राहवत नव्हते म्हणून सुप्रियाने दंड धरला होता. वाचून झाल्यावर मागून एकाने विचारले, "मंग तीन वर्सं तुमी कुठं व्हता?" डिंगोऱ्यात, असे मी सांगितले. सरपंचांनी ते सगळे इतिवृत्तात लिहून घेतले. ज्याने पिण्याचे उठवले होते तो गृहस्थ सभेत होता. तो खाली बघत उठून गेला. मेंढरे सोडायची वेळ झाली म्हणून तुकाबाई निघून गेल्या. मला क्षमा केली असे त्यांनी म्हटलेले नाही आणि तसे कुणी पुढे सांगू नये.

६. तेजस्विनी दोन वर्षे त्याच कंपनीत कामाला होती. मी सोडल्यानंतर, पण माझ्याच ओळखीने लागली होती. ग्रामसभेनंतर तिसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. तिने सोडली की सोडायला लावली, हे ती सांगत नाही. त्या दिवशी तिचा फोन आला. ती म्हणाली, "आत्या, तू अख्ख्या गावाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस." तिचे म्हणणे खरे आहे. तिला सांगितले असते तर तिने मला थांबवले नसते, पण तिचे तोंड बघून मी थांबले असते. तेजू, हे तुला घराबरोबर मिळते आहे. नको वाटले तर घर विक, वह्या ठेव.

७. वह्यांमधली रीत कुणाच्या मालकीची नाही. ज्याला हवी त्याला तेजस्विनीने तिची प्रत द्यावी, कंपनीलाही द्यावी. कंपनीने मला गोपनीयतेची नोटीस पाठवली आहे. तिला मी एका ओळीत उत्तर दिले: खांबाची त्या दिवशीची नोंद उघडा. जुन्याच तक्त्यावर चालणारे आणखी दोन खांब दुसऱ्या दोन गावांत उभे आहेत. दोन्ही ग्रामपंचायतींना मी पत्रे दिली. एका ठिकाणचा खांब बंद केल्याचा फोन आला. दुसरीकडून अजून काही कळलेले नाही आणि थंडी सरलेली नाही. मी हे लिहीत असतानाही तो कदाचित चालू आहे. माझ्यानंतर पहिले काम तेजस्विनीने हे करावे: त्या गावी स्वतः जावे आणि खांब बंद झाल्याचे डोळ्यांनी पाहावे. बाकी कलमे मागाहून.

८. मोहित यांच्याविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो मी बरोबर घेऊन जाणार. मात्र सगळे त्यांच्यावर ढकलू नये. ते जे बोलले ते खरे होते. सही माझीच होती.

९. मला डिंगोऱ्यातच अग्नी द्यावा. तेरावा करू नये. केलाच, तर त्या दिवशी कुणाकडून कशावरही सही घेऊ नये.

१०. साक्षीदारांबद्दल. पहिले साक्षीदार आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक सावळाराम गुरुजी. दुसरा साक्षीदार कोण घ्यावा असा विचार चालू असताना सुप्रियाचा फोन आला, की आई विचारते आहे, कागद पुरा झाला का. ज्यात आपले नाव आहे तो कागद त्यांना ऐकायचा होता. त्या आज सकाळच्या एसटीने आल्या. या मृत्युपत्रातून त्यांना काही मिळत नसल्याने त्या साक्षीदार होऊ शकतात, असे गुरुजींनी सांगितले. त्यावर, "मंग मीच व्हते की," असे म्हणून त्या खुर्ची ओढून बसल्या.

गुरुजींनी सुरुवातीपासून सगळे वाचून दाखवले. कलम ५ मध्ये ज्योतिबांबद्दल वाचताना तुकाबाईंनी हात वर केला. तिथे मी "ते डावीकडे पळाले" असे लिहिले होते. अहवालातलाच शब्द माझ्या हातून उतरला होता आणि मला ते कळलेही नव्हते.

त्या म्हणाल्या, "पळालं न्हाईत. मेंढरं म्होरं घालून चालत गेलं. तसं लिवा."

कलम ५ मधील "पळाले" हा शब्द खोडून त्या जागी "चालत गेले" असे लिहिले आहे. या खाडाखोडीवर माझी सही आणि तुकाबाईंचा अंगठा आहे. दुसरी खाडाखोड नाही.

स्थळ: डिंगोरे, ता. जुन्नर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

लिहून देणार:
(सही) वृषाली हौशीराम आमले

आम्हा दोघांच्या समक्ष लिहून देणार यांनी वरील सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही साक्ष घातली:

१. (सही) सावळाराम भिकाजी डुंबरे, रा. डिंगोरे
२. (निशाणी अंगठा) तुकाबाई ज्योतिबा कोकरे, रा. शिनोली, ता. आंबेगाव
नाव लिहिणार: सुप्रिया, मुलगी