ताटातले साठ ग्रॅम

३ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

खरं तर तुझे कान उपटायला हवेत. आईचं मांडीचं हाड जुळलं, पण महिन्यात वजन पाच किलो उतरलं, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. मी इस्पितळात आहारतज्ज्ञ, आणि माझीच आई उपाशी! तक्ता पाठवलाय ना? डाळ-अंडी स्नायूंसाठी, भात ताकदीसाठी, थोडं तेलही हवंच. भात-तेल कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. मग ती उभी कशी राहणार? की जिमवाल्या मित्रांचं ऐकून भात तोडलास?

रागावले तरी जीव तुमच्यातच आहे.
ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मी घड्याळजी आहे, केसभर इकडचं तिकडे होऊ देत नाही. छोटा वजनकाटा विकत आणलाय. दोन्ही वेळा ताटात भात साठ ग्रॅम, डाळ तीस, तुझ्याच तक्त्याप्रमाणे. आई आणखी मागते तेव्हा तुझं नाव सांगून मी पातेलं झाकतो, आणि वाईट मीच होतो. लांबून शहाणपण शिकवायला काय जातं?

लोभ उरला असेल तर राहू दे.
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

ती वजनं कच्च्या धान्याची आहेत रे! आमच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सगळं कच्चंच मोजतात, म्हणून तसं लिहायचं मला सुचलंच नाही. साठ ग्रॅम तांदळाचा भात जवळपास तिप्पट होतो. चूक माझी. पण ती मागत असताना तुझा हात झाकणावरून हलला कसा नाही? आजपासून तिप्पट वाढ. मी शनिवारी निघते.

ताई

१८ जून

चि. ताईस,

तुझी पत्रं धाकटा लपवत होता; मी शोधून वाचली. एकमेकांवर छान चिडलात. मला कुणी विचारलं? भूक लागलीय, असं रोज सांगत होते. मग सांगणंच सोडलं. शिकलेली लेक म्हणते ते खरंच असणार, असं मानून गप्प बसले, त्याचाच राग सगळ्यात जास्त येतो.

काल पोटभर जेवले. तरी उठताना पाय लटपटले आणि भिंत धरावी लागली. शनिवारी येशील तेव्हा नवा तक्ता आणू नकोस. आई भूक लागली म्हणाली, तर ती खरं बोलते, एवढं शिकून ये.

राग उतरला की आशीर्वाद देईन.
आई