डॅशबोर्डवरचा पेला

तीर्थरूप बाबांना, स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी नमस्कार.

मी मजेत आहे. इथे डिझेल पुन्हा महागलं, आणि तेही मिळेल तेव्हा मिळतं. पंपाच्या रांगेत माझं जेवण, झोप, दाढी सगळं उरकतं. भरपूर आराम मिळतो, असं आईला सांगा.

आमच्या लाँड्रीच्या मालकांनी कपडे पोचवणाऱ्या प्रत्येक गाडीला आठवड्याचं डिझेल ठरवून दिलंय. बाकीच्या गाड्या गुरुवारीच मान टाकतात, माझी शनिवारीही पळते. गाडी शिकवताना तुम्ही डॅशबोर्डवर पाण्याचा पेला ठेवायचात आणि थेंब सांडला की टपली मारायचात. तेव्हा मनात तुम्हाला काय काय म्हणालो, ते लिहीत नाही. पण त्यानंच पाय हलका झाला. आता आमच्या सहाही गाड्यांत पेले आहेत. सगळे तुम्हाला 'पेलेवाले बाबा' म्हणतात.

महिनाभर माझा थेंब सांडला नव्हता. परवा मात्र सरळ, रिकाम्या रस्त्यावर अख्खा पेला पायावर आला. सकाळीच ताईचा फोन आला होता. समोरचं धूसर दिसतं म्हणून तुम्ही आपण होऊन गाडीची किल्ली तिच्या हातात दिलीत म्हणे. तुम्ही! मला का नाही कळवलंत?

शनिवारी उरलेलं डिझेल मालक मलाच देतात. घरापर्यंत पुरेल एवढं साठलं की हीच गाडी घेऊन निघतो. मग मी चालवीन, तुम्ही शेजारी पेला हातात धरून बसा. टपली मारायला डोळे लागत नाहीत.

तुमचा टपलीखाऊ,
धाकटा